चालकशक्ती कोणाच्या हाती?

(कार्यकर्त्यांच्या एका अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



पंडित दीनदयाळ उपाध्याय यांनी एप्रिल १९६५ मध्ये मुंबईत दिलेली चार व्याख्याने 'एकात्म मानवदर्शन' या नावाने आपणा सर्वांच्या परिचयाची आहेत. त्यांतील अर्थरचनेच्या विवेचनात पंडितजींनी सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी मांडलेल्या उत्पादनाच्या सात घटकांचा उल्लेख केला आहे. माणूस, कच्चा माल, भांडवल, व्यवस्थापन, चालकशक्ती, बाजारपेठ आणि यंत्र हे ते सात घटक होत. माणूस, भांडवल आणि बाजारपेठ यांची चर्चा आपल्या बैठकांत पुष्कळ होते. चालकशक्ती हा शब्द मात्र आपण वाचतो आणि पुढे जातो. यंत्र कशाच्या बळावर फिरते, ते बळ कोणाच्या ताब्यात असते आणि त्याचे मोल कोण चुकवते, हे प्रश्न वरवर तांत्रिक वाटतात. वास्तविक राष्ट्रांचे उत्कर्ष आणि अपकर्ष त्यांत दडलेले आहेत. पाण्यावर फिरणाऱ्या चाकाचा इतिहास हे त्याचे सर्वांत बोलके उदाहरण आहे.

जात्यापासून घराटापर्यंत

आपल्या घरातील जाते हे माणसाच्या स्नायूंवर चालणारे यंत्र. पहाटे उठून दळण दळणाऱ्या माउलीने आपल्या लोकसाहित्याला ओवी दिली, हे खरे. परंतु त्या ओवीमागे रोजचे दोन-तीन तासांचे कष्ट होते, हेही विसरता कामा नये. जनाबाईच्या जात्याला प्रत्यक्ष विठ्ठलाने हात लावला, अशी श्रद्धा आपल्या संतपरंपरेत आहे. कष्टणाऱ्या जिवाला कोणाचा तरी हात लागावा, ही त्या श्रद्धेमागील आर्तता आहे.

हिमालयातील गावांत हा हात ओढ्याने लावला. तेथे या गिरणीस घराट म्हणतात. तिची रचना पाहण्याजोगी असते. ओढ्याचे पाणी लहानशा पाटाने वळवून लाकडाच्या उतरत्या पन्हळीतून वेगाने खाली सोडतात. खाली लाकडी पात्यांचे एक आडवे चाक असते. पाण्याचा झोत पात्यांवर आदळला की चाक फिरू लागते. चाकाचा उभा आस खालच्या स्थिर तळीच्या मधोमध असलेल्या छिद्रातून वर येऊन वरच्या तळीला जोडलेला असतो. चाकाचा एक फेरा म्हणजे तळीचा एक फेरा. मध्ये दातेरी चाके नाहीत. धान्याच्या टोपलीला बांधलेली एक काठी फिरत्या तळीवर टेकलेली असते. तळी फिरली की काठी थरथरते आणि टोपलीतून दाणे पडत राहतात. पाणी ओसरले, तळी मंदावली, की वैरणही आपोआप कमी होते. गावच्या सुताराला आणि पाथरवटाला हे सर्व घडवता येते, दुरुस्तही करता येते.

महाराष्ट्रातही याचे नामांकित उदाहरण आहे. छत्रपती संभाजीनगरच्या पाणचक्कीत शहराबाहेरच्या डोंगराकडील पाणी मातीच्या नळांतून आणून, दाबाने उंच भिंतीवर चढवून, तेथून चाकावर सोडलेले होते. वाटसरूंसाठी आणि तेथील आश्रितांसाठी त्यावर पीठ दळले जाई. म्हणजे पडत्या पाण्याकडून काम करून घेण्याची विद्या आपल्याला अपरिचित नव्हती. मग या चाकाने इंग्लंडचे भाग्य पालटले आणि आपले का पालटले नाही, हा प्रश्न टाळून चालणार नाही.

सरदाराची गिरणी

युरोपातील पाणचक्कीचा इतिहासही पुरातन आहे. उभे चाक आणि त्याला जोडलेली दातेरी चाके यांचे वर्णन इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातील रोमन स्थापत्यकार विट्रूव्हियस याने केले आहे. इंग्लंडमध्ये १०८६ साली राजाज्ञेने जमिनींची जी मोजदाद झाली, तिच्यात पाच ते सहा हजार गिरण्यांची नोंद सापडते. एवढी यंत्रे हाताशी असूनही तेथील शेतकरी सुखी झाला काय? बहुतेक गिरण्या सरदारांच्या किंवा मठांच्या मालकीच्या होत्या. कुळांनी आपले धान्य तेथेच दळावे आणि त्यातील ठराविक हिस्सा मालकाला द्यावा, असा दंडक होता. घरी जाते ठेवणे हा गुन्हा ठरे.

सेंट आल्बन्स येथील मठाची कथा या संदर्भात उद्बोधक आहे. चौदाव्या शतकात तेथील मठाधिपती वॉलिंगफर्डचा रिचर्ड याने रयतेची जाती जप्त केली आणि त्यांचे दगड मठातील दालनात फरशी म्हणून बसवले. १३८१ च्या शेतकरी उठावात लोक त्या दालनात शिरले, फरशी उखडली आणि आपल्या वाडवडिलांच्या जात्यांचे तुकडे घरोघरी घेऊन गेले. विशेष म्हणजे हा रिचर्ड विद्वान गणिती होता; त्याने रचलेले खगोलीय घड्याळ त्या काळी विख्यात होते. विद्या होती, यंत्र होते. परंतु त्यांना समाजाच्या हिताचे अधिष्ठान नव्हते.

वकिलाच्या मुलाने मोजलेले पाणी

अठराव्या शतकापर्यंत हे चाक बांधणारे कारागीर अनुभवाच्या आधारे काम करीत. पाणी चाकाला खालून लावावे की माथ्यावरून सोडावे, याविषयी विद्वानांतही मतभेद होते. जॉन स्मीटन याने हा वाद प्रयोगाने मिटवला. स्मीटनचे वडील वकील. मुलानेही वकिली करावी, अशी त्यांची इच्छा होती. त्याने कायद्याचे शिक्षण सोडले आणि उपकरणे घडवण्याचा धंदा पत्करला. सुमारे दोन फूट व्यासाच्या चाकाची प्रतिकृती करून त्याने पाणी किती पडले, किती उंचीवरून पडले आणि चाकाने किती वजन उचलले, यांची मोजमापे घेतली. १७५९ साली लंडनच्या रॉयल सोसायटीसमोर त्याने आपले निष्कर्ष मांडले आणि त्याच वर्षी सोसायटीचे कोप्ले पदक त्याला मिळाले.

निष्कर्ष सोपा होता. समजा, सेकंदाला १०० लिटर पाणी तीन मीटर खाली येते. त्यात सुमारे तीन किलोवॉट शक्ती असते. हेच पाणी वेगाने वाहवून चाकाच्या खालच्या फळ्यांवर आदळू दिले, तर त्यातील जेमतेम एक तृतीयांश शक्ती हाती लागते. उरलेली फेस, खळखळ आणि शिंतोडे यांत जाते. परंतु पाणी चाकाच्या माथ्यावर हलकेच आणून परिघावरील पोहऱ्यांत भरले, तर ते आपल्या वजनाने चाक ओढत खाली उतरते आणि दोन तृतीयांश शक्ती देते. म्हणजे तोच ओढा, तेच पाणी, पण काम दुप्पट. नदीचा उतार कमी असेल, तर चाकाच्या मध्यावर पाणी घ्यावे, हा मधला मार्गही पुढे रूढ झाला.

येथे आत्मपरीक्षणाचा मुद्दा येतो. आपल्याकडे गणिताची वानवा नव्हती. भास्कराचार्यांनी ११५० साली पूर्ण केलेल्या 'सिद्धान्तशिरोमणी'त यंत्रांवर स्वतंत्र अध्याय आहे आणि पारा भरलेल्या आऱ्यांचे आपोआप फिरणारे चाक तेथे वर्णिलेले आहे. दुसरीकडे घराटाचा आस घडवणारा सुतारही आपल्याकडे होता. परंतु या दोघांची भेट होत नव्हती. शास्त्र जाणणाऱ्याने रंधा हाती घेणे कमीपणाचे मानले गेले आणि रंधा चालवणाऱ्याला शास्त्राचे दार बंद राहिले. ज्या समाजात बुद्धी आणि हात यांच्यामध्ये जन्माची भिंत उभी राहते, त्या समाजात चाक शतकानुशतके जसेच्या तसे फिरत राहते. समरसतेचा आग्रह हा केवळ भावनेचा प्रश्न नाही. राष्ट्राच्या उत्पादनशक्तीशी त्याचा असा थेट संबंध आहे.

क्रॉमफर्डचा ओढा

आता इंग्लंडच्या डर्बीशायर परगण्यातील डर्वेंट नदीच्या खोऱ्याकडे वळू. रिचर्ड आर्कराइट हा मूळचा न्हावी; केसांचे टोप बनवणे हा त्याचा व्यवसाय. जॉन के नावाच्या घड्याळजीच्या साह्याने त्याने सूतकताईचे यंत्र सिद्ध केले आणि १७६९ साली त्याचे एकस्व मिळवले. या यंत्रात कापसाचा पेळू रुळांच्या जोड्यांतून जाई. पुढची प्रत्येक जोडी मागच्या जोडीपेक्षा अधिक वेगाने फिरत असल्याने पेळू ताणला जाऊन बारीक होई आणि शेवटी चात्यावर त्याला पीळ बसे. यंत्र जड होते; हाताने चालवण्याजोगे नव्हते. नॉटिंगहॅम येथे त्याला घोडे जुंपले गेले. १७७१ मध्ये आर्कराइट क्रॉमफर्ड येथे आला आणि त्याने पाणी जुंपले. त्यावरून यंत्राचे नावच 'वॉटर फ्रेम' पडले.

जागेची निवड मार्मिक होती. क्रॉमफर्डला एक ओढा होता आणि शेजारच्या शिशाच्या खाणींतील पाणी बाहेर काढणारा भुयारी पाटही होता. भूगर्भातून येणारे ते पाणी उबदार असल्याने कडाक्याच्या थंडीतही गोठत नसे. चाकाचा आस संथ फिरे. दातेरी चाकांच्या जोड्यांनी त्याचा वेग वाढवून तो एका उभ्या दांड्यास दिला जाई. हा दांडा मजल्यामजल्यांतून वर जाई आणि प्रत्येक मजल्यावर आडव्या दांड्यांना फिरवी. त्या दांड्यांवरून चामड्याचे पट्टे प्रत्येक यंत्रापर्यंत गती पोहोचवीत. एक ओढा, एक चाक आणि त्याच्या गतीवर बांधलेले शेकडो चाते: आधुनिक कारखान्याचा जन्म असा झाला. वाफेचे यंत्र कापड धंद्यात १७८५ च्या सुमारास आले आणि पुढील कित्येक दशके पाणी आणि वाफ जोडीने राबत होती. औद्योगिक क्रांती म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर धुरांडे येते. तिचा पहिला टप्पा मात्र ओढ्याकाठी पार पडला.

पाणी रात्रीही वाहते, म्हणून गिरणीही रात्री चालू लागली. बारा-बारा तासांच्या पाळ्या सुरू झाल्या. कामगारांत मुलांचा भरणा मोठा होता. सात-आठ वर्षांची मुलेही त्यांत होती. सूर्याप्रमाणे चालणारा माणसाचा दिवस पाण्याच्या प्रवाहाला बांधला गेला. आर्कराइटला 'सर' ही पदवी मिळाली. त्या मुलांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत.

कायद्याचा बंधारा

हिंदुस्थानच्या विणकरांना या चाकाने देशोधडीला लावले, असे आपण म्हणतो. ते अर्धसत्य आहे. पूर्ण सत्य अधिक कठोर आणि अधिक शिकवणारे आहे.

सतराव्या शतकाच्या अखेरीस भारतीय छिटांनी इंग्लंडची बाजारपेठ व्यापली होती. तेव्हा तेथे आर्कराइट नव्हता आणि त्याचे चाकही नव्हते. ब्रिटिश संसदेने १७०० च्या कायद्याने रंगीत व छापील भारतीय कापडाच्या देशांतर्गत वापरासाठीच्या आयातीस बंदी केली आणि १७२१ च्या कायद्याने असे कापड वापरण्यासही मनाई केली. स्वदेशी हा संकुचित विचार आहे, असे आपल्याला ऐकवणाऱ्यांनी ही दोन साले ध्यानात ठेवावीत. या बंधाऱ्याच्या आडोशाला त्यांचा उद्योग पन्नास वर्षे वाढला. आर्कराइटच्या यंत्राने ताण्याला पुरेल इतके मजबूत सुती सूत मिळू लागले, तेव्हा १७७४ मध्ये इंग्लंडमध्ये तयार झालेल्या शुद्ध सुती कापडाला संसदेने मोकळीक दिली. स्वदेशीय मालासाठी दार उघडले. आपल्यासाठी ते बंदच राहिले. एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी भारतीय सुती कापडावर तेथे ७०-८० टक्क्यांपर्यंत जकात होती, तर त्यांच्या मालावर येथे नाममात्र. येथील सत्ता आपल्या हाती नसल्याने प्रतिबंधारा घालणारे कोणी उरले नव्हते.

अंगठे छाटल्याची कथा आपल्याकडे वारंवार सांगितली जाते. विल्यम बोल्ट्स या कंपनीच्याच माजी नोकराने १७७२ मध्ये जे लिहिले, ते असे, की बंगालमधील रेशीम उलगडणाऱ्या कारागिरांनी कंपनीच्या सक्तीच्या कामातून सुटण्यासाठी स्वतःच आपले अंगठे तोडले. मूळ हकीगत प्रचलित कथेहून भीषण आहे. आपण इतिहास सांगताना अचूक सांगावा. सत्याला अतिशयोक्तीच्या कुबड्या लागत नाहीत. मूळचे मराठी घराण्यातील आणि देवघर येथे वाढलेले सखाराम गणेश देऊस्कर यांनी १९०४ साली 'देशेर कथा' हा ग्रंथ बंगालीत लिहून हे आर्थिक शोषण साधार मांडले. सरकारने त्यावर १९१० मध्ये बंदी घातली, यावरूनच त्याची धार कळते.

आणखी एक गोष्ट. इंग्लंडला चाकामागील विद्येचे मोल पुरेपूर ठाऊक होते, कारण त्यांनी स्वतः ती इतरांकडून मिळवली होती. डर्वेंट नदीवरच डर्बी येथे १७२१ च्या सुमारास लोंब बंधूंची रेशमाची पाणगिरणी उभी राहिली, ती जॉन लोंबने इटलीत राहून पैदा केलेल्या गुपितांवर. पुढे इंग्लंडने यंत्रे आणि कुशल कारागीर देशाबाहेर नेण्यास कायद्याने बंदी केली. ती मोडून सॅम्युएल स्लेटर हा बेल्परच्या गिरणीत शिकलेला तरुण १७८९ साली अमेरिकेस निघाला. सोबत यंत्राचा आराखडा नव्हता. यंत्राचा प्रत्येक भाग त्याच्या स्मरणात होता. ऱ्होड आयलंडमधील पॉटकेट येथे त्याने ते यंत्र पाण्यावर चालवून दाखवले आणि अमेरिकेच्या वस्त्रोद्योगाचा पाया घातला. नवस्वतंत्र देशाला आपल्या धोरणाने अशा माणसाचे स्वागत करता आले. पारतंत्र्यातील देशाला ते स्वातंत्र्य नव्हते.

सह्याद्रीचे पाणी

मुंबईत पहिली कापडगिरणी कावसजी नानाभाई दावर यांच्या पुढाकाराने १८५४ मध्ये स्थापन झाली आणि १८५६ मध्ये सुरू झाली. ती वाफेवर चालणारी. मुंबई बेटावर क्रॉमफर्डसारखा ओढा नव्हता. कोळसा दुरून आणावा लागे आणि धुराने आकाश काळवंडे. जमशेटजी टाटांच्या मनात सह्याद्रीवर कोसळणारा पाऊस अडवून त्या शक्तीवर मुंबई चालवण्याची कल्पना आली. १९०४ साली त्यांचे निधन झाले. परंतु १९१० मध्ये कंपनी स्थापन झाली, भांडवल देशातच उभे राहिले आणि १९१५ मध्ये खोपोलीचे वीजकेंद्र सुरू झाले. लोणावळा परिसरातील तलावांचे पाणी पाचशे मीटरांहून अधिक खाली येऊन खोपोलीच्या चाकांवर आदळू लागले. ही चाके पेल्टन पद्धतीची. परिघावर जोडवाट्या बसवलेली. घराटाच्या पात्याची ती प्रगत पणतीच म्हणावी. फरक एवढाच, की आसाची गती आता तारेतून गिरणगावापर्यंत गेली.

स्वदेशी भांडवलाचा हा पराक्रम अभिमानास्पद खराच. परंतु त्याची दुसरी बाजू झाकणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. पुढच्या टप्प्यात मुळशी खोऱ्यात धरण बांधण्याचे ठरले आणि सुमारे पन्नास गावांवर बुडण्याची पाळी आली. भाताची सोन्यासारखी जमीन, देवळे, घरे, सारे पाण्याखाली जाणार होते. १९२१ च्या रामनवमीला मावळ्यांनी सत्याग्रह आरंभला. विनायकराव भुस्कुटे आणि पुढे सेनापती बापट यांनी त्याचे नेतृत्व केले. बापटांनी कारावास भोगला. धरण झाले, १९२७ मध्ये भिरा येथील केंद्रातून वीज वाहू लागली. मुंबई उजळली, मावळा विस्थापित झाला. येथे गोऱ्या साहेबावर सारा दोष टाकून मोकळे होता येत नाही. चाक स्वदेशी होते, भांडवल स्वदेशी होते आणि उन्मळून पडलेला शेतकरीही आपलाच होता.

आपले उत्तर

मग यंत्राला विरोध करावा काय? स्वातंत्र्यवीर सावरकरांनी यंत्रयुगाचे निःसंदिग्ध स्वागत केले होते, ते योग्यच होते. जात्यावरच्या माउलीचे कष्ट वाचवणारे यंत्र हे वरदानच आहे. पंडितजींचा प्रश्न वेगळा होता. सातही घटकांचा परस्परमेळ हवा आणि यंत्र देशाच्या परिस्थितीला अनुरूप हवे. काम करणाऱ्या माणसाला बाहेर फेकून यंत्र फिरत असेल, तर घटकांचा क्रमच उलटा झाला.

अनुरूपता म्हणजे काय, याचा दाखला पुन्हा हिमालयातच सापडतो. डिझेलच्या आणि विजेच्या गिरण्या आल्यावर असंख्य घराट ओस पडले. देहरादूनच्या 'हेस्को' या संस्थेने आणि तिचे संस्थापक डॉ. अनिल प्रकाश जोशी यांनी त्यांचे पुनरुज्जीवन हाती घेतले. लाकडी पात्यांच्या जागी धातूचे चाक, आसाला बेअरिंग, एवढ्या सुधारणांनी दळण्याचा वेग वाढला आणि त्याच चाकावर जनित्र जोडून वीज निर्माण करता आली. अशा पाणचक्क्यांच्या सुधारणेस आणि पाच किलोवॉटपर्यंतच्या वीजनिर्मितीस केंद्र सरकारच्या योजनेनेही साहाय्य दिले. डॉ. जोशी यांना २००६ मध्ये पद्मश्री आणि २०२० मध्ये पद्मभूषण देऊन राष्ट्राने या कार्याची दखल घेतली. गाव हलले नाही, ओढा आटला नाही, चाकाची मालकीही गावातच राहिली. स्मीटनचे मोजमाप आणि गावच्या सुताराचा हात यांची येथे भेट झाली.

मित्रहो, आज चालकशक्तीचे रूप पालटले आहे. सौरऊर्जा, पवनऊर्जा, मोठी जलविद्युत केंद्रे यांची चर्चा रोज वृत्तपत्रांत असते. अशा प्रत्येक योजनेपुढे कार्यकर्त्याने तीन प्रश्न ठेवावेत. यामागील विद्या आपली झाली आहे काय, की केवळ यंत्र विकत आणले आहे? या शक्तीची मालकी कोणाकडे राहणार? आणि जमीन, पाणी किंवा घर देणाऱ्याला या चाकाच्या फळात न्याय्य वाटा मिळणार काय? तिन्ही उत्तरे समाधानकारक असतील, तर त्या कामास मनःपूर्वक हातभार लावावा. नसतील, तर ती मिळेपर्यंत विचारत राहावे.

दरवर्षी १७ सप्टेंबरला भारतीय मजदूर संघ विश्वकर्मा जयंती राष्ट्रीय श्रमदिन म्हणून साजरी करतो. त्या दिवशी हार-फुले वाहून थांबू नये. आपल्या नगरातील एखाद्या लहान कारखान्यात जावे, लेथवर उभ्या असलेल्या कारागिराशी बोलावे आणि अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना आवर्जून सोबत न्यावे. घरातील हुशार मुलाने हाताला तेल लागणारे काम निवडले, तर आईवडिलांनी कपाळाला आठी घालू नये. वकिलाच्या मुलाने पाणी मोजले आणि त्याच्या देशाला दुप्पट बळ मिळाले. आपल्या घराघरांतून असे तरुण निघोत आणि त्यांनी फिरवलेल्या चाकाखाली आपला एकही बांधव चिरडला न जावो, एवढी विश्वकर्म्याच्या चरणी प्रार्थना करून हे विवेचन येथेच थांबवणे उचित होईल.

भारत माता की जय!